सात वर्षं कशाला?

आमच्या वॉर्डातल्या मावशी स्वतःसाठी सहसा काही मागत नाहीत. कधी शेजारणीचा रिपोर्ट दाखवतात, कधी गावाकडच्या कोणाला कोणत्या वारी ओपीडीला आणू, एवढंच विचारतात. गेल्या वर्षी जूनमध्ये राउंड संपवून मी केसपेपरवर सह्या करत होतो, तेव्हा त्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. मागे त्यांची मुलगी होती. ती नुकतीच बारावी झाली होती, कला शाखेतून, चांगल्या गुणांनी.

“सर, पोरीचं जरा विचारायचं होतं. ती म्हणते, सायकॉलॉजी करायची. कॉलेजातल्या मॅडम म्हणाल्या, पेशंट बघायचे असतील तर सात वर्षं लागतील. आणि हे बघा.” त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. जाहिरात होती: घरबसल्या तीन महिन्यांत समुपदेशक व्हा, प्रमाणपत्र मिळवा. “तीन महिन्यांत होतंय, तर सात वर्षं कशाला?”

मावशी कंत्राटी कामगार आहेत. पगार कधी दोन-दोन महिने होत नाही. घरात धाकटा मुलगा शिकतो आहे. त्यामुळे सात वर्षं हा त्यांच्यासाठी साधा आकडा नव्हता. त्यात फी होती, खोलीभाडं होतं, आणि ‘पोरीचं लग्न कधी करणार’ असं विचारणारे नातेवाईकही होते. मी घाईत काहीतरी अर्धवट उत्तर दिलं. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. जिला शिकायचं आहे तिच्यासाठी तो महत्त्वाचा आहेच, आणि ज्याला मनाच्या दुखण्यासाठी कोणाकडे जावं हे कळत नाही, त्याच्यासाठीही तो तेवढाच महत्त्वाचा आहे. म्हणून आज त्याचं नीट उत्तर देतो.

वर्षांचा हिशेब

मानसशास्त्राची पहिली पदवी बी.ए. किंवा बी.एस्सी. बारावीनंतर ती तीन वर्षांची. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर चार वर्षांची ‘ऑनर्स’ पदवीही सुरू झाली आहे. बी.ए. साठी विज्ञान शाखा लागत नाही. कला आणि वाणिज्य शाखेची मुलंही येतात. मात्र गणित सुटलं अशा आनंदात कोणी राहू नये, कारण या विषयात संख्याशास्त्र चुकत नाही.

त्यानंतर एम.ए. किंवा एम.एस्सी. हे तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांचं, आणि चार वर्षांच्या ऑनर्सनंतर एका वर्षात करण्याची सोय नव्या धोरणात आहे. कसंही मोजलं तरी पाच वर्षं झाली. या टप्प्यावर तुमच्याकडे मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी असते. शाळा, महाविद्यालयं, कंपन्यांचे मनुष्यबळ विभाग, संशोधन प्रकल्प अशा अनेक ठिकाणी ती चालते. पण मनोविकार असलेल्या रुग्णाचं निदान आणि उपचार करण्यासाठी ती पुरत नाही.

त्यासाठी लागते ती पुढची पायरी, म्हणजे चिकित्सा मानसशास्त्रातलं प्रशिक्षण. आजवर ते प्रामुख्याने एम.फिल. च्या रूपात होतं. पूर्णवेळ, दोन वर्षं, रुग्णालयात राबून. पाच अधिक दोन, सात. कॉलेजातल्या मॅडमचा हिशेब बरोबर होता. हे शिक्षण कोणत्या संस्थेत द्यायचं हे भारतीय पुनर्वास परिषद ठरवते. १९९२ च्या कायद्याने ही परिषद आहे. अभ्यासक्रम संपला की तिच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव लागतं, क्रमांक मिळतो, आणि मग ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी लावता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही या पदाच्या व्याख्येत देखरेखीखालच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे.

एक बदल विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा. विद्यापीठ अनुदान आयोगाने एम.फिल. ही पदवी बंद केली. चिकित्सा मानसशास्त्राला मात्र २०२५-२६ च्या प्रवेशापर्यंत मुभा दिली. तिच्या जागी परिषदेने नवे अभ्यासक्रम आणायला सुरुवात केली आहे. त्यात बारावीनंतर थेट चिकित्सा मानसशास्त्रातली चार वर्षांची बी.एस्सी. ऑनर्सही आहे. म्हणजे येत्या काळात पदव्यांची नावं आणि क्रम बदलेल. प्रवेश घेताना महाविद्यालयाच्या माहितीपत्रकावर विसंबू नये. त्या संस्थेला, त्या अभ्यासक्रमाला, त्या वर्षासाठी मान्यता आहे का हे परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावं.

कागदावर सात असलेली वर्षं प्रत्यक्षात आठ-नऊ होतात, हेही सांगायला हवं. प्रत्येक संस्थेत जागा मोजक्या असतात, कारण एका शिक्षकाला ठरावीकच विद्यार्थी घेता येतात. प्रवेश परीक्षेच्या तयारीत अनेकांचं एखादं वर्ष जातं. पीएच.डी. करायची तर किमान तीन वर्षं आणखी. पण पीएच.डी. ही संशोधनाची पदवी आहे. ती असली म्हणजे रुग्ण तपासण्याचं शिक्षण झालं, असं होत नाही.

पाटीवर काय लिहिलंय?

इथे वाचकांचा हमखास गोंधळ होतो. म्हणून थोडक्यात सांगतो.

मनोविकारतज्ज्ञ हा आमच्यासारखा डॉक्टर. साडेपाच वर्षांचं एम.बी.बी.एस. आणि त्यावर तीन वर्षांचं एम.डी. अशी साडेआठ वर्षं. औषधं लिहिणं, रुग्णाला दाखल करणं हे त्याचं काम. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषधं लिहीत नाही. तो मानसशास्त्रीय चाचण्या करतो, निदानाला हातभार लावतो आणि बोलण्यातून, वर्तनातल्या बदलांतून उपचार करतो, म्हणजे सायकोथेरपी देतो. एकाच रुग्णाला दोघांची गरज पडू शकते, आणि अनेकदा पडते.

तिसरा समुपदेशक. अभ्यासाचा ताण, करिअरची निवड, नवरा-बायकोतले वाद, घरातल्या मृत्यूनंतरचं दुःख यांत चांगला समुपदेशक मोठा आधार देतो. एम.ए. करून, समुपदेशनाचं रीतसर शिक्षण घेऊन काम करणारे अनेकजण मला माहीत आहेत आणि मी त्यांच्याकडे रुग्ण पाठवतो. पण ‘समुपदेशक’ हा शब्द आजवर कोणीही पाटीवर लिहू शकत होता. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याने मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांनाही नोंदणीच्या कक्षेत घेतलं आहे. त्याची घडी अजून बसायची आहे.

नावामागे ‘डॉ.’ असलं की आपण निश्चिंत होतो. ते डॉ. एम.बी.बी.एस. चं असू शकतं किंवा पीएच.डी. चं, आणि तीही कोणत्या विषयातली हे विचारल्याशिवाय कळत नाही. नोंदणी नसताना चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून व्यवसाय करणाऱ्याला १९९२ च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. हजार रुपये ही आज मोठ्या शहरात एखाद्या सत्राची फी असते. म्हणजे दंडाच्या भीतीवर विसंबून राहण्यात अर्थ नाही. चौकशी आपल्यालाच करायची आहे.

त्या वर्षांत शिकवतात तरी काय?

मावशींचा खरा प्रश्न हा होता. ऐकून घेणं, धीर देणं, चार समजुतीच्या गोष्टी सांगणं हे तर कोणतीही शहाणी आत्या करते. मग सात वर्षं कशासाठी? मी मनोविकारतज्ज्ञ नाही, मेडिसिनचा डॉक्टर आहे. पण आमच्या रुग्णालयात गेली काही वर्षं एक चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहेत आणि त्यांच्या शेजारी बसून मी जे पाहिलं, ते सांगतो.

एकदा नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आई-वडील आले. हातात एका खासगी ठिकाणचा कागद होता. तासाभरात चाचणी उरकून त्यावर बुद्ध्यांक लिहिला होता आणि खाली शेरा होता: मतिमंद. शाळेने काढून घ्यायला सांगितलं होतं, आणि पालकांना आता अपंगत्वाचा दाखला हवा होता. मॅडमनी चाचणीला हात लावला नाही. मुलाला खेळायला दिलं, त्याच्या पाठीमागून हळू आवाजात नाव घेतलं, मग जरा मोठ्याने घेतलं. नंतर मला म्हणाल्या, “सर, आधी कानाच्या विभागात पाठवू या.” मुलाला दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं. श्रवणयंत्र बसल्यावर काही महिन्यांनी चाचणी झाली. पहिल्या कागदावरचा आकडा आणि हा मुलगा यांचा काही संबंध नव्हता.

बुद्धीची चाचणी म्हणजे थर्मामीटर नव्हे. १९०५ मध्ये पॅरिसमध्ये बिने यांनी शाळकरी मुलांसाठी पहिली चाचणी तयार केली. तिचा आपल्याकडचा अवतार म्हणजे बिने-कामत चाचणी. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात धारवाडला मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांवर काम करून ती बेतली. पुढे नागपूरला मॅलिन यांनी भारतीय मुलांसाठी दुसरी एक चाचणी आपल्या मातीत रुजवली. या दोन्ही चाचण्या आजही वापरात आहेत. एवढा खटाटोप कशाला? कारण जे मूल पाहिलेलंच नाही अशा वस्तूविषयी विचारलं, किंवा त्याच्या घरात न बोलल्या जाणाऱ्या भाषेत विचारलं, तर उत्तर चुकतं, आणि आपण म्हणतो बुद्धी कमी. मूल उपाशी आहे का, त्याला फिट्सची औषधं चालू आहेत का, त्याला दिसतं-ऐकू येतं का, ते अनोळखी माणसासमोर गप्प बसणारं आहे का, हे सगळं पाहून मग आकड्याचा अर्थ लावायचा असतो. चाचणी घ्यायला काही दिवसांत शिकता येतं. कधी घेऊ नये हे कळायला वर्षं लागतात.

दुसरा प्रसंग एका तेवीस वर्षांच्या मुलाचा. उदास, झोपून राहणारा, नोकरी सोडलेला. सहा महिने तो एका सल्लागाराकडे जात होता. तिथे त्याला सकारात्मक विचारांच्या याद्या लिहायला लावत. आमच्याकडे तो छातीत धडधडतं म्हणून आला. मॅडमनी बोलता बोलता विचारलं, “याच्या उलट कधी झालं होतं का? दोन-तीन तासच झोप, तरी थकवा नाही, डोक्यात कल्पनांचा पूर, हातातून पैसा भराभर जातोय?” मुलगा गप्प झाला आणि आईच बोलू लागली. दीड वर्षापूर्वी त्याने आठवड्याभरात कर्ज काढून दोन मोटारसायकली घेतल्या होत्या. घरच्यांना तो तारुण्यातला उतावळेपणा वाटला होता. तो द्विध्रुवीय विकार होता, ज्याला बायपोलर म्हणतात. या आजारात नुसती नैराश्याची गोळी दिली तर काही रुग्णांत उन्मादाचा झटका येऊ शकतो. त्या एका प्रश्नाने उपचाराची दिशा बदलली.

तिसरी गोष्ट आत्महत्येच्या विचारांची. कीटकनाशक प्यालेले रुग्ण आमच्या वॉर्डात नवीन नाहीत. शुद्धीवर आल्यावर आम्ही डॉक्टर ‘आता असं करायचं नाही हं’ म्हणून पुढच्या खाटेकडे जायचो. थेट विचारलं तर त्याच्या मनात पुन्हा तेच येईल अशी भीती मलाही अनेक वर्षं वाटत होती. अभ्यास याच्या उलट सांगतात: नीट, सरळ विचारल्याने आत्महत्येचा विचार रुजत नाही, उलट अनेकांना बोलायला वाट मिळते. पण विचारायचं कसं आणि उत्तर ‘हो’ आलं तर पुढच्या पाच मिनिटांत काय करायचं, हे पुस्तकात वाचून येत नाही. हा संवाद कोणीतरी तुमच्या शेजारी बसून ऐकावा लागतो, तो संपल्यावर कुठे चुकलात ते सांगावं लागतं, आणि हे कितीतरी वेळा व्हावं लागतं.

आणखी एक उदाहरण माझ्या विषयातलं. थकवा, सुस्ती, विसरभोळेपणा, कशातच रस नाही. हे नैराश्य असू शकतं. तसंच ती थायरॉईडची कमतरता असू शकते, बी-१२ ची कमतरता असू शकते, क्वचित मेंदूतली गाठही असू शकते. चांगला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ पहिल्याच भेटीत विचारतो, रक्ताच्या तपासण्या झाल्या का? आपल्या विद्येची सीमा कुठे संपते हे त्याला माहीत असतं, आणि ते त्याला रुग्णालयातच कळलेलं असतं, कारण तिथे शेजारच्या टेबलावर मनोविकारतज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ, माझ्यासारखा फिजिशियन बसलेला असतो.

तर सात वर्षांतली पहिली पाच मन कसं चालतं हे शिकण्याची. शेवटची दोन रुग्णाजवळ, ज्येष्ठांच्या नजरेखाली काढायची. हिस्टरी लिहायची, ती खोडली जायची, पुन्हा लिहायची. चाचण्या करायच्या, त्यांचे अहवाल लिहायचे. रुग्णावर अनेक सत्रं उपचार करायचे आणि प्रत्येक सत्राचा हिशेब वरिष्ठांना द्यायचा. शेवटी परीक्षा आणि प्रबंध. आपल्या देशात या विषयाची वाटचालही अशीच झाली. १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा पहिला विभाग सुरू झाला, तो प्रयोगशाळेतल्या मानसशास्त्राचा. रुग्णालयात राहून शिकवणारं रीतसर शिक्षण मात्र १९५०च्या दशकाच्या मध्यात, बंगळूरूच्या त्या संस्थेत सुरू झालं, जिला आज आपण निम्हान्स म्हणतो.

आम्हा डॉक्टरांनीही फार मोठेपणा मिरवू नये. माझ्या एम.बी.बी.एस. मध्ये मनोविकार विभागातली पाळी दोन आठवड्यांची होती. त्या दोन आठवड्यांच्या बळावर मी पुढे कित्येक वर्षं मनाच्या दुखण्यावर बी-कॉम्प्लेक्सची इंजेक्शनं दिली.

मग तीन महिन्यांचं शिक्षण निरर्थक?

इथे थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पण मावशींच्या प्रश्नात तथ्यही आहे.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये झालं. त्यानुसार देशात दर १०० प्रौढांपैकी सुमारे १० जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता, आणि त्यांतल्या बहुसंख्यांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते. सात-आठ वर्षं शिकलेल्या माणसांची वाट पाहत बसलो, तर तालुक्याच्या गावापर्यंत ती कधी पोचणार?

याचं एक उत्तर गोव्यात शोधलं गेलं. ‘संगत’ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या पुढाकाराने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना थोड्या काळाचं प्रशिक्षण दिलं. मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याच्या रुग्णांना त्यांनी सहा ते आठ भेटींत एकच पद्धत शिकवायची होती. तिचं सूत्र साधं: मन लागलं की काम करू असं म्हणू नका; आधी छोटं काम हाती घ्या, मन मागून येतं. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर होते. नेहमीचे सुधारित उपचार घेणाऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं.

आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा असाच उपक्रम झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन बोलायला सुरुवात केली. आधी नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम ४ टक्के लोक उपचार घेत होते. दीड वर्षानंतर ते प्रमाण २७ टक्क्यांवर गेलं.

म्हणजे थोडं शिकलेली माणसंही मनाच्या आजारात मोठं काम करू शकतात. पण त्या कामाला तीन कुंपणं होती. एक, काम ठरलेलं होतं. एका आजारासाठी, एका पद्धतीने. दोन, देखरेख होती. सत्रांचं ध्वनिमुद्रण व्हायचं आणि दर आठवड्याला सगळे मिळून ते ऐकून चुका काढायचे. तीन, आवाक्याबाहेरचा रुग्ण कोणाकडे पाठवायचा हे ठरलेलं होतं. मावशींच्या मोबाइलवरच्या जाहिरातीत यातलं काही नव्हतं. व्हिडिओ होते, शेवटी एक परीक्षा होती आणि प्रमाणपत्राचा नमुना होता. ते घेऊन ही मुलगी एकटीच खुर्ची टाकून बसली असती, आणि समोर कोणीही येऊन बसला असता. तो तेवीस वर्षांचा मुलगाही.

आणि ते ध्वनिमुद्रण ऐकून चूक दाखवायची, कठीण रुग्ण हाती घ्यायचा, तर त्या साखळीत कुठेतरी पूर्ण शिकलेलं माणूस लागतंच. तीन महिने शिकलेल्या दहाजणांना नीट काम करता यावं, म्हणून सात वर्षं शिकलेलं एक माणूस त्यांच्या पाठीशी असावं लागतं.

परदेशात शिकणाऱ्या मुलांचे पालकही विचारतात. ब्रिटनमध्ये तीन वर्षांच्या पदवीनंतर काही अनुभव घेऊन तीन वर्षांची चिकित्सा मानसशास्त्रातली डॉक्टरेट करावी लागते. अमेरिकेत पदवीला चार, डॉक्टरेटला साधारण पाच ते सात, त्यातच एक वर्षाची इंटर्नशिप, आणि परवान्यासाठी देखरेखीखालचे ठरावीक तास व परीक्षा. देश कोणताही असो, देखरेखीखालचं काम कोणी वगळलेलं नाही.

कोणाकडे जाताना काय विचाराल?

डॉक्टरला शिक्षण विचारणं आपल्याला उद्धटपणाचं वाटतं. तसं वाटून घेऊ नका. फोनवर वेळ घेतानाच शांतपणे विचारा. तुमचं शिक्षण काय आणि कुठून झालं? पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का? प्रत्यक्ष रुग्णांबरोबर काम करायला कोणाच्या हाताखाली शिकलात? औषधांची गरज वाटली तर कोणाकडे पाठवता? खरं शिकलेला माणूस या प्रश्नांनी दुखावत नाही. नोंदणी क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो.

काही गोष्टी ऐकल्या की मात्र सावध व्हा. पहिल्याच भेटीत ‘तीन सत्रांत पूर्ण बरं करतो’ अशी हमी. चालू असलेली औषधं परस्पर बंद करायला सांगणं. मानसशास्त्रज्ञ म्हणवून घेणाऱ्याने स्वतः गोळ्या देणं. तासाभरात मुलाच्या कपाळी आकडा चिकटवणं.

झोप बदलली, खाणं बदललं, माणूस वागण्यात ओळखू येईनासा झाला, भास होऊ लागले, मरणाची भाषा येऊ लागली, तर समुपदेशकाचा शोध घेत बसू नका. थेट मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात या. जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा विभाग असतो आणि तिथला केसपेपर कोणालाही परवडतो. रात्री-अपरात्री कोणी नसेल तर केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे. क्रमांक १४४१६. मराठीतूनही बोलता येतं.

त्या दिवशी मावशींना मी एवढं सगळं सांगितलं नव्हतं. एका जुन्या केसपेपरच्या पाठीवर तीन ओळी लिहून दिल्या होत्या: इथल्याच कॉलेजात बी.ए., शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत, एम.ए. ला किमान ५५ टक्के. पुढे काही सरकारी संस्थांत विद्यावेतनही मिळतं. “मधेच थांबावं लागलं तर?” मुलीने तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. मी म्हणालो, “पाच वर्षांनंतर थांबलीस तरी हातात चांगली पदवी आहे, शाळेत काम आहे. फक्त पाटीवर जे शिकली नाहीस ते लिहू नकोस.”

यंदा जूनमध्ये दोघी पुन्हा आल्या. पहिल्या वर्षाची गुणपत्रिका होती. बाकी सगळं छान, संख्याशास्त्रात काठावर. मुलगी म्हणाली, “सर, ते फारच अवघड आहे.” मावशींनी गुणपत्रिका घडी घालून पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, “एक झालं. सहा राहिली.”